सुपारीएवढी काळी जागा

लातूर, २ डिसेंबर २०१२

दादा,

फोनवर तू "हं" म्हणतोस आणि लगेच "ठेवतो" म्हणतोस. मधलं काही सांगायला जागाच उरत नाही, म्हणून पत्र लिहायला घेतलंय. डेहराडूनला पोचायला आठवडा लागला तर लागू दे. जमिनीच्या पोटात काय हलतंय ते मोजायची तुझी नोकरी, तिथं एवढी घाई नसावी.

अप्पांना गेल्या पावसाळ्यात ॲटॅक आला हे तुला माहीत आहे. ते वाचले हेही माहीत आहे. पण त्यांचं हृदय अर्ध्यानंही काम करत नाही, हे मी फोनवर बोलले नव्हते. जिना चढले की पाणी मागतात. डाळमिलवर जातात, गादीवर बसतात आणि हमाल पोती रचत असताना डोळे मिटून घेतात. लोकांना वाटतं, वीरण्णाशेट जप करतात.

हैदराबादच्या एका मोठ्या दवाखान्यात एक अभ्यास चाललाय. कमरेच्या हाडातला मगज काढायचा, त्यातल्या मूळ पेशी वेगळ्या करायच्या आणि नळीतून हृदयाच्या मेलेल्या भागाजवळ सोडायच्या. मग तिथं नवा स्नायू येतो का ते फोटो काढून बघायचं. गंमत म्हणजे निम्म्या पेशंटांना पेशी देतात आणि निम्म्यांना नुसतं मिठाचं पाणी. कुणाला काय मिळालं ते पेशंटला सांगत नाहीत, डॉक्टरलाही नाही. कुठल्याशा संगणकाला तेवढं माहीत असतं. अप्पांनी ऐकून घेतलं आणि सही केली. मी म्हटलं, "अप्पा, पाणी निघालं तर?"

"निगू दे की. पाणी कुटं वाईट असतंय?"

पेशी सोडायच्या आधी एक एमआरआय, सहा महिन्यांनी दुसरा आणि वर्षानं तिसरा. ते इथंच, औसा रोडवरच्या सेंटरमध्ये काढून हैदराबादला पाठवायचे असं ठरलं. तिथल्या डॉक्टर मुबश्शिरा उदगीरच्या. त्यांचे वडील आणि अप्पा उदगीरच्या मोंढ्यातले जुने दोस्त, त्यामुळे बाई अप्पांना चाचा म्हणतात. मशीन चालवणारा मुनीब माझ्या क्लासचा विद्यार्थी. त्यानं एमबीबीएसचा नाद सोडला आणि तेव्हापासून तो हसायला लागला, असं मी त्याला चिडवत असते.

एमआरआय म्हणजे एक भलं मोठं चुंबक. अंगावर धातू चालत नाही. आणि अप्पांच्या छातीवर चांदीच्या डबीत लिंग, पाळण्यात असताना बांधलेलं ते आजवर अंगावेगळं झालेलं नाही. मुनीबनं अदबीनं सांगितलं, डॉक्टरबाईंनी सांगितलं, मी सांगितलं. अप्पा उठून चपला शोधायला लागले. शेवटी अव्वानं पदर सावरला आणि हात पुढं केला. "माज्या हातात द्या. मी खाली ठिवत न्हाई."

अप्पांनी डबी तिच्या डाव्या तळहातावर ठेवली. बाहेरच्या बाकावर ती डोळे मिटून बसली आणि फोटो होईपर्यंत तिनं कपाळावरची माशीसुद्धा हाकलली नाही.

फोटो मला बघायला मिळाला. दादा, ते हलतं चित्र असतं. अंधारात काहीतरी करडं उघडतं, मिटतं, पुन्हा उघडतं. मी मुलांना फळ्यावर हृदय काढून देते, चार कप्पे आणि लाल-निळे बाण. इथं बाण नव्हते. विहिरीच्या तळाशी कुणीतरी झोपलंय आणि त्याचा श्वास मला वरून दिसतोय, असं वाटत राहिलं. किती वेळ बघत उभी होते कुणास ठाऊक.

मग सुईतून औषध देऊन दुसऱ्या तऱ्हेचा फोटो काढतात. त्यात जिवंत स्नायू काळपट दिसतो आणि मेलेला पांढरा. अप्पांच्या हृदयाच्या समोरच्या भिंतीवर थोडं पांढरं होतंच, पण त्याच्या शेजारी सुपारीएवढी एक काळीकुट्ट जागा होती आणि तिला पांढरी झळझळीत कड. डॉक्टरबाई म्हणाल्या, "जखम मोठी आहे. मधला भाग इतका मेलाय की तिथं औषधसुद्धा शिरलेलं नाही."

नंतर हैदराबादला जाऊन पेशी सोडून आलो. किंवा पाणी सोडून आलो. अप्पा घरी आहेत. अव्वा विचारते, तिकडं थंडी किती असते.

दामिनी


लातूर, १३ जानेवारी २०१३

दादा,

पत्राचं उत्तर आलं नाही. येईल असं वाटलंही नव्हतं, पण पोस्टमन दिसला की अव्वा दारात जाऊन उभी राहते, त्याला मी काय करू?

परवाच्या अमावस्येला येळवस झाली. आपल्या मिलचा जुना मुकादम मलप्पा, त्याच्या शेतात सगळे गेलो होतो. कडब्याची कोप, भज्जी, बाजरीचे उंडे, माठातलं आंबील. आंबील प्यायल्यावर माणूस कसं आपोआप आडवं होतं ते तू विसरला नसशील. अप्पा कोपीच्या सावलीत झोपले. ऊन हळूहळू त्यांच्या पायांवरून वर सरकत होतं, तूर वाऱ्यानं खुळखुळत होती, आणि मला त्या सगळ्या दुपारीत कुठलीच घाई आठवत नव्हती.

उठले ते हसतच. म्हणाले, "माज्या छातीत तूर आलीय गं. गुडघ्याएवढी. आन् तिच्यातनं कुनीतरी चालून राहिलं हुतं."

"कोण?"

"पाठमोरं हुतं."

तेव्हापासून अव्वा त्यांना डाव्या कुशीवर झोपू देत नाही. कोंब चेंगरतील म्हणते. मी तिला समजावलं की पेशी असल्या तरी त्या काही तुरीसारख्या उगवत नसतात, आणि कदाचित ते मिठाचं पाणीच असेल. तिनं माझ्याकडं असं बघितलं, जसं आपण परीक्षेत सोपा प्रश्न चुकवणाऱ्या मुलाकडं बघतो. "इरली," म्हणाली. असू दे म्हणायचं असलं की तिला कानडीच सुचतं.

आणि अप्पा खरंच बरे वाटतात, दादा. जिना चढून गच्चीवर जातात. मोंढ्यात सौद्याच्या वेळी सगळ्यांत मोठा आवाज त्यांचा असतो. मी मात्र रोज फळ्यापाशी अडखळते. यंदा सीईटी जाऊन नवी परीक्षा आली, त्यामुळे अख्ख्या लातूरची झोप उडालीय. ट्यूशन एरियात सायकली, डबेवाले आणि पोरांचे बाप ह्यांच्यातून वाट काढत मी क्लासला पोचते आणि शिकवते की हृदयाचा स्नायू एकदा मेला की पुन्हा उगवत नाही. शिरूर अनंतपाळची एक मुलगी उभी राहिली. "मॅडम, कधीच न्हाई?" मी म्हटलं, "परीक्षेत तसंच लिही." ती बसली, पण मी खडू हातात धरून तशीच उभी राहिले.

तुला ये म्हणायचं होतं म्हणून हे पत्र. सरळ म्हणते: ये. वीस वर्षांत आपण एकदाच भेटलो, तेही नांदेड स्टेशनवर, तुझी गाडी थांबली तेवढा वेळ. अव्वानं खिडकीतून धपाटे दिले आणि तू ते हातात धरून आमच्याकडं बघत राहिलास. गाडी सुटली तेव्हा अव्वा चालायला लागली, मग जोरात चालायला लागली. मला अजून ते स्वप्नात दिसतं. फक्त स्वप्नात गाडी सुटत नाही.

तू का गेलास ते मला माहीत आहे. मी चौदाची होते, पण दाराआड उभी होते. भूकंप झाला त्या दिवशी तू मिलच्या ट्रकमधून किल्लारीच्या बाजूला मावशीच्या गावी गेला होतास आणि आलास तो अंगभर माती घेऊन. आपल्या लिंगायतांत माणसाला बसवून, तळहातावर लिंग ठेवून मातीत देतात. रुद्राणी मावशीला तेवढं मिळालं नाही. सगळ्या गावाबरोबर एका चितेवर गेली. तू गळ्यातलं उतरवलंस आणि अप्पांच्या गादीवर ठेवलंस. "मावशीचं जळालं, मग माजं कशाला?" आणि अप्पा म्हणाले, "हे उतरवलंस, तर उंबराबी उतर."

तू उतरलास. बारावीची पुस्तकं तशीच टेबलावर राहिली. मी तुमच्या दोघांवरही रागावलेली आहे, आणि दोघांनाही ते कधी विचारावंसं वाटलेलं नाही.

दामिनी


लातूर, २८ एप्रिल २०१३

दादा,

तुझा मार्चमधला मेसेज अजून फोनवर जपून ठेवलाय. "मेमध्ये येतो." दोनच शब्द, पण घरात काय झालं ते तुला सांगायलाच हवं. मी अप्पांना वाचून दाखवला. ते पेपर उलटा धरून वाचत बसले. संध्याकाळी मठात जाऊन आले. दुसऱ्या दिवशी गच्चीवरची खोली झाडायला लावली, पंखा दुरुस्त करून घेतला आणि अव्वाला विचारलं, "तो अजून शेपूची भाजी न्हाईच खात का?"

आणि आता बातमी. परवा दुसरा एमआरआय झाला. अप्पांची डबी पुन्हा अव्वाच्या तळहातावर, अव्वा पुन्हा बाकावर. फोटो लावला आणि डॉक्टरबाई खुर्चीत पुढं सरकल्या. ती सुपारीएवढी काळी जागा नाही! कुठंच नाही! थोडं पांढरं आहे, आधीही होतं तेवढं, पण तो काळा गाभा आणि त्याची ती झळझळीत कड, सगळं गेलंय. तिथं नुसती हृदयाची भिंत, हलणारी. सोनोग्राफीत पंपिंग काही वाढलेलं नाही, पण बाई म्हणाल्या, त्याला वेळ लागत असेल. हैदराबादहून फोन आला. अप्पांना पेशीच मिळाल्या असणार असं तिथले डॉक्टरही दबक्या आवाजात म्हणाले.

मी तो फोटो पुन्हा पुन्हा बघितला. जिथं काही नव्हतं तिथं काहीतरी आलंय. मला शिरूर अनंतपाळच्या त्या मुलीला फोन करावासा वाटला.

अप्पांनी मिलमध्ये पेढे वाटले. एकेका हमालाला थांबवून ते छातीवर हात ठेवून दाखवतात, "हितं पेरनी झाली हुती, आता पीक हाय." घरातही सणासारखं वाटतंय. देव्हाऱ्यात एक छोटी चांदीची डबी घासून ठेवलेली दिसली, जवळ नवा दोरा. वीरभद्रकाकांच्या नातवाला लिंग बांधायचं असेल. विचारलं तर अप्पा "हाव, हाव" म्हणाले आणि दुसरीकडं बघायला लागले.

आंबे उतरायला लागलेत. तू येईपर्यंत मी आढीला हात लावू देणार नाही.

दामिनी


लातूर, २ ऑक्टोबर २०१३

दादा,

मे गेला, जून गेला. मी इतके महिने पत्र लिहिलं नाही, कारण लिहिलं असतं तर भांडण झालं असतं. आज लिहितेय म्हणजे भांडणच आहे असं समज.

"अप्पा बरे आहेत हे वाचून आनंद झाला. मग आता घाई नाही. फील्डचं काम आहे. पुढच्या वर्षी बघू." हा तुझा मेसेज. आनंदाची बातमी मी तुला अशासाठी कळवली नव्हती. माणूस मरायला टेकला तरच त्याला भेटायचं, असा काही तुमच्या खात्याचा नियम आहे का?

मेसेज अप्पांना दाखवला नाही. नुसतं सांगितलं, तो आत्ता येत नाही. त्यांनी मान हलवली. गच्चीवरच्या खोलीतला पंखा बंद केला आणि खाली आले. जिन्यात मध्येच बसले. त्या दिवसापासून सौद्यात आवाज नसतो. डोळे मिटून गादीवर बसतात आणि लोकांना पुन्हा वाटायला लागलंय, शेट जप करतात. देव्हाऱ्यातली ती छोटी डबीही दिसत नाही. वीरभद्रकाकांच्या घरी कार्य झालं आणि आम्हाला बोलावलं नाही की काय, कुणास ठाऊक.

परवा भूकंपाला वीस वर्षं झाली. क्लासमध्ये मी मुलांना विचारलं, काय माहीत आहे? कुणाचाच तेव्हा जन्म झाला नव्हता. त्यांच्यासाठी तो धडा आहे. पहाटे अप्पा अंगणात उभे होते. मी चहा नेला तर म्हणाले, "त्या दिशी बी अशीच शांतता हुती. आधी कुत्री गप झाली." मग कप हातात घेऊन, "तो मातीनं भरून आला हुता. त्याला आधी पानी द्याया पायजे हुतं मी. मी दुसरंच बोललो."

हे वाक्य मी आहे तसं लिहिलंय. तू मोठमोठी यंत्रं लावून खालचं ऐकतोस. हेही एकदा नीट ऐक.

दामिनी


लातूर, ८ डिसेंबर २०१३

दादा,

हे पत्र बसून वाच. शेवटपर्यंत वाच.

वर्षाचा फोटो झाला. ती काळी जागा परत आलीय. त्याच भिंतीवर, सुपारीएवढीच, तशाच पांढऱ्या कडेसकट.

डॉक्टरबाईंनी मला आत बोलावलं आणि तिन्ही फोटो शेजारी शेजारी लावले. काळी जागा आहे. काळी जागा नाही. काळी जागा आहे. तिन्ही फोटोंत हृदय मात्र तेच, तसंच उघडमीट करणारं. बाई म्हणाल्या, "दामिनी, जखम भरून येऊ शकते, नवीही होऊ शकते. पण गेलेली जखम त्याच मापाची होऊन त्याच जागी परत येत नाही. ही जखम नाही. हृदयाच्या पुढं, छातीवर काहीतरी होतं. त्यानं फोटोला भोक पाडलंय. पहिल्याच वेळी माझ्या लक्षात यायला हवं होतं. चूक माझी."

मी म्हटलं, छातीवर काहीच नव्हतं, डबी अव्वाच्या हातात होती. तेवढ्यात दाराशी उभ्या मुनीबचा चेहरा उतरला.

"मॅडम, चाचांनी माज्या मुठीत एक लिंग दिलं हुतं ना. पहिल्या बारीला आन् ह्या बारीला. नुस्तं दगडाचं हाय, डबी न्हाई म्हनले. लई इनवलं. मी चुंबक धरून बघितलं, खेचलं न्हाई, म्हनून कापसात गुंडाळून छातीला चिकटवून दिलं. चाचांचं स्वतःचंच हाय असं समजलो मी."

खेचत नव्हतं, ते खरं. पण लिंगाला वरून काळा लेप असतो. तो करणारे त्यात काय काय घालतात ते कुणाला सांगत नाहीत. त्यात लोखंडाचा एखादा कण जरी असेल, तरी एवढ्या मोठ्या चुंबकात तो आपल्याभोवतीचं सगळं चित्र पुसून टाकतो, असं बाईंनी समजावलं.

घरी आले. अप्पा झोपाळ्यावर होते. अव्वा शेंगा फोडत होती आणि अप्पांची डबी त्यांच्या गळ्यात, नेहमीच्या जागी. मी विचारलं, "अप्पा, फोटोच्या वेळी छातीवर काय होतं?"

त्यांनी पाणी मागितलं. प्यायले. मग बंडीच्या आतल्या खिशात हात घालून एक फडकं काढलं आणि मांडीवर उलगडलं.

छोटी चांदीची डबी. झाकणाच्या कडेला बारीक बारीक खड्डे. दादा, ते तुझ्या दातांचे आहेत. लहानपणी तू ती चावत बसायचास आणि अव्वा तुझ्या हातावर मारायची. मला ते खड्डे बघून आधी हसूच आलं, आणि मग मी तिथंच खाली बसले.

अव्वाच्या हातातली शेंग तशीच राहिली. तिलाही माहीत नव्हतं. इतकी वर्षं एकाच घरात राहून तिलाही माहीत नव्हतं.

अप्पा म्हणाले, "माजं हिच्या हातात दिलं. हे कुनाच्या हातात देऊ? ह्याचा धनी हितं न्हाई. कुनाच्या तरी अंगावर पायजे ना ते. तो गेला तवापासून माज्याजवळ हाय."

"मग मधल्या फोटोच्या वेळी?"

अप्पांनी माझ्याकडं बघितलं. मी इतकं सोपं का विचारतेय, असं.

"तवा तो येनार हुता."

घासून, नवा दोरा लावून त्यांनी ते देव्हाऱ्यात ठेवलं होतं. तू आल्यावर समोर दिसावं म्हणून. "गळ्यात घालंल न घालंल, त्याचं त्यानं बगावं. मी आता काय म्हनत न्हाई. पर हाय म्हनून दिसावं त्याला." मग मी सांगितलं की तू येत नाहीस, आणि ते पुन्हा खिशात गेलं.

म्हणजे बघ. तू येतो म्हणालास आणि अप्पांच्या हृदयावरची जखम फोटोतून गेली. तू येत नाही म्हणालास आणि ती जागेवर परत आली. मी विज्ञान शिकवते. असं वाक्य एखाद्या विद्यार्थ्यानं लिहिलं, तर मी त्याला शून्य देईन. पण घडलं ते असंच घडलं, आणि तीन फोटो त्याला साक्षीला आहेत.

आता खरं ते ऐक. अप्पांचं हृदय बरं झालेलं नाही. पहिल्या फोटोत दिसलं तेवढं वाईटही ते नव्हतं, पण कमकुवत होतं आणि तेवढंच कमकुवत आहे. तूर आलेली नाही. बाईंनी हैदराबादला सगळं कळवलं. अप्पांचे आकडे अभ्यासात धरता येणार नाहीत म्हणून तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, पेशी दिल्या होत्या की पाणी, ते आता जाणून घ्यायचंय का? अप्पा म्हणाले, "नगं. पेरलं हुतं असं समजून येक वरीस ग्वाड गेलं. ते ऱ्हाऊ दे." मी बाईंना विचारलं, किती वेळ आहे? त्या म्हणाल्या, "ते कुणीच सांगू नये. पण भेटायचं कुणी राहिलं असेल, तर त्यानं पुढच्या वर्षावर टाकू नये."

वर्षअखेरीला एक स्वच्छ फोटो काढायचाय, पुढची औषधं त्यावरून ठरतील. ह्या वेळी छातीवर काही चालणार नाही. मुनीबनं अप्पांना अगदी हळू विचारलं, "चाचा, तुमचं चाचींकडं. मग हे दुसरं कोन धरनार?" मी माझा हात पुढं केला होता. अप्पांनी तो बाजूला सारला.

"ज्याचं हाय तो."

दिल्लीहून नांदेडपर्यंत सचखंड एक्स्प्रेस आहे, पुढं लातूरला एसटी. फोटो येळवसेच्या आदल्या दिवशी.

दामिनी


लातूर, ३१ डिसेंबर २०१३, सकाळी

दादा,

तू गच्चीवरच्या खोलीत गाढ झोपलायस, म्हणून ही चिठ्ठी उशाशी ठेवून जातेय. अव्वा दोनदा येऊन तुझं पांघरूण सारखं करून गेली. तिसऱ्यांदा आली ती नुसतीच बघत उभी राहिली.

पहाटे तू दारात उभा होतास तेव्हा वाटलं, मी अजून झोपेत आहे आणि ही ती नांदेडची गाडी आहे, जी सुटत नाही. तुझे केस पांढरे झालेत हे कुणीच सांगितलं नव्हतं. अप्पा उठून आले, तुझ्याकडं बघितलं, आत गेले आणि तांब्या भरून पाणी आणलं. तू ते सगळं प्यायलास. एवढंच झालं, आणि मला स्वयंपाकघरात जाऊन तोंडात पदर धरावा लागला.

चहा थर्मासमध्ये आहे. शेपू केलेली नाही. मलप्पा अप्पांना रिक्षानं पुढं घेऊन गेलाय, आधी रक्त तपासायचंय. मीही तिकडंच जातेय. अव्वा तुझ्यासाठी खाली थांबलीय. उठलास की तिला घेऊन ये. औसा रोड, पेट्रोल पंपाच्या पुढं.

सेंटरमध्ये बाहेर एक लाकडी बाक आहे. अव्वाच्या शेजारी बस. अप्पा आत जाताना दोन्ही काढतील. एक अव्वाला देतील, एक तुला. गळ्यात घालायचं नाही, काही म्हणायचं नाही, डोळे मिटायचे नाहीत. अप्पांनी मला बजावून सांगितलंय, त्याला पटत न्हाई तर न्हाई, जोर करू नको. मशीनचा आवाज मोठा येतो, खालून ठोकल्यासारखा. तू दचकशील म्हणून आधीच सांगतेय. तो थांबला की आमचं झालं.

डावा हात पुढं कर. आणि अप्पा बाहेर येईपर्यंत खाली ठेवू नकोस.

दामिनी